ठिपका बरोबर, रस्ता कुणाचा?

अजिंठ्याची लेणी पाहायला छत्रपती संभाजीनगरहून निघालेल्या माणसाची फसगत तीन ठिकाणी होऊ शकते. मोबाइलमध्ये नुसते ‘अजिंठा’ टाकले तर मॅप त्याला सिल्लोडच्या पुढच्या अजिंठा गावात नेऊन सोडेल. लेणी तिथून दहा-बारा किलोमीटर पुढे, घाटाखाली आहेत. लेणापूरच्या व्ह्यू पॉइंटची पिन धरली तर गाडी घाट उतरण्याआधीच वळेल आणि डोंगरमाथ्यावर जाऊन थांबेल. लेणी समोर दिसतील, पण मध्ये वाघूरची दरी; खाली उतरायचे तर पायवाटेने. सगळे अगदी बरोबर टाकले तरी फर्दापूरच्या टी पॉइंटवर गाडी लावावीच लागते, कारण शेवटचे चार किलोमीटर खासगी वाहनांना बंद आहेत आणि पुढचा प्रवास बसने करायचा असतो. या तिन्ही वेळी उपग्रहांकडून काही चूक झालेली नसते. आपण कुठे आहोत हे फोनने नेमके सांगितलेले असते. कुठे आणि कसे जायचे हे सांगणारा मात्र दुसराच कुणीतरी असतो.

मोबाइलवरच्या दिशादर्शनाबद्दल आपल्याकडे होणाऱ्या बहुतेक चर्चेत या दोन गोष्टींची गल्लत होते. ‘जीपीएसने चुकवले’ असे आपण सहज म्हणून जातो. जीपीएस क्वचितच चुकवते. चुकतो तो नकाशा, आणि नकाशा चुकतो कारण रस्त्याची खबर ज्यांच्याकडे असते त्यांनी ती नकाशापर्यंत पोचवलेली नसते.

आधी उपग्रहांचे काम समजून घेऊ. अमेरिकेच्या जीपीएस यंत्रणेचे तीसेक उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरत असतात. प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असते आणि तो सतत एवढेच सांगत असतो की ‘मी अमुक जागी आहे आणि आता इतके वाजले आहेत’. तो संदेश फोनपर्यंत यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. निघाल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ यांतल्या फरकावरून अंतर निघते. तीन उपग्रहांपासूनची अंतरे कळली की जागा ठरते. पण फोनमधले घड्याळ साधे असते, त्याची चूक काढायला चौथा उपग्रह लागतो. वेळेच्या हिशेबात सेकंदाचा दशलक्षांश भाग चुकला तर अंतरात ३०० मीटरची चूक होते, यावरून हे काम किती काटेकोर आहे ते ध्यानात यावे. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेच्या सिद्धांताप्रमाणे उपग्रहावरचे घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते. ती दुरुस्ती यंत्रणेत आधीच करून ठेवलेली असते.

या सगळ्यात फोन फक्त ऐकतो. उपग्रहाकडे तो काहीही पाठवत नाही. म्हणूनच इंटरनेट गेले की जीपीएस गेले ही समजूत खरी नाही. कन्नडच्या पुढे गौताळ्याच्या जंगलात किंवा पितळखोऱ्याच्या दरीत रेंज जाते तेव्हा स्क्रीनवरचा नकाशा कोरा पडतो, पण निळा ठिपका चालत राहतो. नकाशाचा कागदच नसल्याने तो ठिपका कशावर दाखवायचा हे फोनला कळत नाही, इतकेच. इंटरनेटची मदत होते ती सुरुवातीला. कोणता उपग्रह आकाशात कुठे आहे ही माहिती मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून आयती मिळाली तर फोन काही सेकंदांत जागा सांगतो. ती मिळाली नाही तर तीच माहिती उपग्रहांच्या अतिमंद संदेशातून गोळा करावी लागते. बराच वेळ बंद असलेला फोन त्यासाठी काही मिनिटे घेऊ शकतो. अशा वेळी उघड्यावर थांबून वाट पाहणे एवढाच उपाय असतो.

यावरून निघणारी एक कामाची गोष्ट इथेच सांगून टाकू. पितळखोरा असो की गौताळा, निघण्याआधी घरच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा उतरवून घ्यावा. गूगल मॅप्सचा ऑफलाइन नकाशा गाडीचा रस्ता दाखवतो, पायी चालण्याचा नाही. डोंगरातल्या पायवाटांसाठी ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी ऑस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स ही ॲप अधिक उपयोगाची आहेत. गडकिल्ले फिरणाऱ्या मंडळींना हे ठाऊक आहे. सहकुटुंब सहलीला जाणाऱ्यांना बहुधा नसते.

अचूकतेचे काय? उघड्या आकाशाखाली साध्या फोनची चूक साधारण पाच मीटरच्या आत राहते. छत्रपती संभाजीनगरातल्या गुलमंडी-सराफ्याच्या गल्ल्यांत दोन्हीकडच्या भिंतींवर आपटून आलेले संदेश लांबचा रस्ता घेऊन पोचतात, त्यामुळे ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. वाळूजच्या कारखान्यांतल्या पत्र्याच्या शेडखाली तो हरवतोच. दोन वारंवारता ऐकणारे फोन २०१८ पासून बाजारात आले आणि गल्लीबोळांत ते बरे चालतात. पण पाहणाऱ्याच्या लक्षात न येणारी एक गंमत अशी की मॅपवर दिसणारा ठिपका अस्सल नसतो. सॉफ्टवेअर तो उचलून जवळच्या रस्त्यावर बसवते, कारण गाडी रस्त्यावरच असणार असे ते धरून चालते. जालना रोडवर क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल आणि सिडको असे उड्डाणपूल आहेत. पुलावर असलेली गाडी आणि पुलाखाली असलेली गाडी यांच्यात आडवे अंतर शून्य असते, फरक असतो तो उंचीचा, आणि उंचीच्या बाबतीत फोन सर्वांत कच्चा. मॅप ‘उजवीकडे वळा’ म्हणतो तेव्हा आपण पुलावर चढलेलो असतो. २०२४ मध्ये गूगलने उड्डाणपुलाची आगाऊ सूचना देणारी सोय देशातल्या चाळीस शहरांत आणली. अरुंद रस्ते टाळणारी दुसरी सोय त्याच वेळी आठ शहरांत सुरू झाली. त्या आठांत हैदराबाद, इंदूर, गुवाहाटी होती. महाराष्ट्रातले एकही शहर नव्हते. दरवाजांच्या या शहराला, जिथे मुख्य रहदारीला अजूनही जुन्या कमानींतून वाट काढावी लागते, ती सोय इतरांपेक्षा आधी हवी होती.

मोबाइलच्या पाच मीटरचा आणखी एक परिणाम मराठवाड्याच्या गावागावांत दिसतो. बांधावरच्या भांडणात आता फोन निघतो. एक भाऊ मोबाइल हातात धरून शेताच्या कडेने चालतो, ॲपवर उमटलेली रेघ दुसऱ्याला दाखवतो आणि ‘तुझा बांध माझ्या रानात आलाय’ म्हणतो. ज्या बांधावरून वाद असतो तो हातभर रुंद. फोनची चूक त्याच्या कितीतरी पट. दुसऱ्या भावाने त्याच संध्याकाळी तसेच चालून पाहिले तर रेघ वेगळी पडेल. भूमी अभिलेख खात्याचे मोजणीदार रोव्हर नावाचे यंत्र वापरतात. तेही त्याच उपग्रहांचे ऐकते, पण सर्व्हे ऑफ इंडियाने जागोजागी कायम बसवलेल्या केंद्रांकडून दुरुस्ती घेत राहते आणि त्यामुळे काही सेंटिमीटरपर्यंत नेमके उतरते. तंत्र एकच, पण एक वाट शोधण्यासाठी आहे आणि दुसरे हद्द ठरवण्यासाठी. फोनवरच्या रेघेच्या भरवशावर कुणी कोर्टाची पायरी चढू नये.

जागा ठरवणे आणि नकाशा काढणे ही कामे एकेकाळी एकाच हातात होती. १८०२ मध्ये मद्रासहून विल्यम लॅम्बटनने त्रिकोणमितीय मोजणीला सुरुवात केली तेव्हा त्याच्याबरोबर अर्ध्या टनाचा थिओडोलाइट होता. वीस वर्षे दक्षिणेतून उत्तरेकडे सरकत आलेला हा माणूस १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला मरण पावला आणि त्याची कबर तिथेच आहे. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्टकडे गेले. त्या काळी नकाशावर चूक निघाली तर जाब कुणाला विचारायचा हे स्पष्ट असे. आज मोबाइलवरचा ठिपका अमेरिकी लष्कराच्या उपग्रहांमुळे दिसतो, जोडीला रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ, चीनचे बायडू आणि आपले नाविक असते. नकाशा खासगी कंपनीचा. आणि रस्ता मात्र महापालिकेचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा किंवा रस्ते विकास महामंडळाचा. तिघांचा एकमेकांशी करार नाही, ओळखही जेमतेमच.

नाविकचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर. १९८३ मध्ये कोरियाचे प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेले आणि पाडले गेले. त्यानंतर जीपीएस सर्वांना खुले करण्याची घोषणा अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रेगन यांनी केली. तरी मे २००० पर्यंत नागरी वापरासाठी ते मुद्दाम बिघडवून दिले जात होते. दुसऱ्याच्या मर्जीवर किती विसंबायचे हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता आणि भारताला तो पडलाही. सात उपग्रहांची आपली यंत्रणा २०१६ मध्ये आकाशात पूर्ण झाली, पण पुढे काही उपग्रहांची अणुघड्याळे बंद पडली. २०२३ मध्ये देशी घड्याळ घेऊन गेलेला एनव्हीएस-०१ यशस्वी ठरला. जानेवारी २०२५ मध्ये गेलेला एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. या कामाला पैसा आणि वेळ दोन्ही द्यावेच लागतील. मात्र नाविक उद्या शंभर टक्के चालू लागले तरी फर्दापूरच्या टी पॉइंटवरचा पर्यटक तिथेच अडकलेला असेल, कारण त्याची अडचण आकाशातली नाही.

अडचण जमिनीवर कशी असते, याचे शेजारच्या जिल्ह्यातले उदाहरण विसरण्यासारखे नाही. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक मोटार रात्री मॅपवर दिसणाऱ्या जवळच्या रस्त्याने अकोले तालुक्यातल्या कोतूळकडे गेली. तिथला पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. दरवर्षी काही महिने तो तसाच बुडालेला असतो हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. नकाशाला ठाऊक नव्हते, आणि रात्री त्या वाटेने येणाऱ्याला थांबवील असा फलक जागेवर नसल्याचे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. दोघे पोहून बाहेर आले, गाडी चालवणारा बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरचा तुटका पूल मॅपवर अखंड दिसत होता. मोटार खाली कोसळून तिघे गेले. पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो बांधकाम खात्याच्या अभियंत्यांवर आणि गूगल मॅप्सच्या अधिकाऱ्यावरही. दोघांचाही उल्लेख एका कागदावर आला हे बरे झाले. पुराने पूल तुटल्याचे ज्या खात्याला माहीत होते त्याने तो अडवला नाही, कंपनीने विचारले नाही. या दोहोंत पहिला दोष मोठा, असे आमचे मत आहे. खडीचा ढीग आणि दोन पिंप आडवी टाकायला उपग्रह लागत नाही.

आता आपल्या दारातले पाहू. सोलापूर-धुळे महामार्गावरचा कन्नडचा औट्रम घाट पावसाळ्यात दरडींनी आणि एरवी वाहनांच्या रांगांनी कायम चर्चेत असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने या घाटातून जड वाहनांना बंदी आली. गूगल मॅप्समध्ये मोटारीचा, दुचाकीचा, बसचा, पायी जाण्याचा पर्याय आहे, ट्रकचा नाही. परराज्यातून कांदा किंवा लोखंड घेऊन येणारा चालक मोटारीचा पर्याय लावतो. मॅप त्याला सर्वांत जवळचा रस्ता म्हणून घाट दाखवतो, आणि आपण बंदीच्या रस्त्यावर आहोत हे त्याला थेट पोलिसांच्या नाकाबंदीवर कळते. तिथून अठरा चाकांचा ट्रक मागे वळवणे म्हणजे काय हे पाहणाऱ्यालाच कळेल. समृद्धी महामार्गाबाबत याच्या उलट घडते. तिथे दुचाकीला मनाई आहे. दुचाकीचा पर्याय भारतात २०१७ पासून मॅपवर आहे, पण तो न लावता निघालेला मोटारसायकलस्वार सावंगी किंवा माळीवाड्याच्या प्रवेशद्वारापर्यंत जाऊन परत फिरतो. ही चूक त्याची. ट्रकवाल्याची मात्र नाही, कारण त्याला निवडायला पर्यायच नाही.

शहरातली गोष्ट आणखी वेगळी. इथे रस्ता कायमचा बंद नसतो, तो काही दिवस, काही तास बंद असतो. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेसाठी, गणेश विसर्जनाला जुन्या शहरात, श्रावणी सोमवारी घृष्णेश्वरासाठी वेरूळच्या रस्त्यावर, श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीच्या पायी दर्शनासाठी खुलताबादकडे. दौलताबादच्या पायथ्याशी रस्ता अजूनही किल्ल्याच्या कमानीतून जातो. सुटीच्या दिवशी तिथे एक बस अडकली की मागे रांग लागलीच. वाहतूक पोलीस अशा प्रत्येक दिवसाची अधिसूचना काढतात. जड वाहने दौलताबाद टी पॉइंटवरून कसाबखेडा फाट्याकडे वळवली जातात. अधिसूचना वर्तमानपत्रांकडे येते, आम्ही ती छापतो, व्हॉट्सॲपवर तिचा फोटो फिरतो. ज्या पडद्याकडे बघून लोक गाडी चालवतात तिथे मात्र ती नसते. गर्दीचा लाल पट्टा मॅपवर उमटतो तो रस्त्यावरच्या फोनांचा वेग मंदावल्यावर, म्हणजे लोक अडकून बसल्यावर. सकाळी सहाला बंद होणारा रस्ता पहाटे पाचला निघालेल्याला त्यातून कळत नाही.

नावांचा घोळ हाही माहितीच्याच अभावातला. जुलै २०२२ मध्ये केंद्राची मंजुरी येण्याआधीच गूगल मॅप्सवर औरंगाबाद शहराचे नाव बदलून संभाजीनगर झालेले दिसले आणि मोठा वाद झाला; तत्कालीन खासदारांनी कंपनीला आधार विचारला. अधिकृत मंजुरी फेब्रुवारी २०२३ मध्ये आली. नावाविषयी कुणाचे मत काहीही असो, सरकारी कागदाआधी खासगी नकाशा बदलतो ही पद्धत बरी नव्हे. त्याचा रोजचा त्रास निराळाच. नुसते ‘संभाजीनगर’ टाकले तर कोल्हापुरातली किंवा चिंचवडमधली त्याच नावाची वसाहत यादीत येते, ‘औरंगाबाद’ टाकले तर बिहारमधला जिल्हाही येतो. बाहेरगावच्या पाहुण्याला लोकेशन पाठवणे हाच यावरचा खात्रीचा उपाय. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन हा दहा अक्षरांचा पत्ता साधारण चार मीटरच्या चौकोनापर्यंत नेतो. सिडकोतल्या एन-वनपासून पुढच्या सेक्टरांत, जिथे नवखा रिक्षावालाही दोनदा विचारतो, तो उपयोगी पडेल. पण आमच्या माहितीच्या कुटुंबांत तरी पत्ता अजून ‘टीव्ही सेंटरच्या मागे, मेडिकलच्या शेजारी’ असाच सांगितला जातो.

म्हणून मागणी सरकारी यंत्रणेकडे आहे, कंपन्यांकडे नंतर. कंपनीला आयती माहिती पुरवून सरकारने तिचा धंदा का वाढवावा, असा आक्षेप घेतला जातो आणि तो चुकीचा नाही. त्याला उत्तर आहे: माहिती एका कंपनीला देऊ नका, सर्वांसाठी खुली ठेवा. रस्त्याचे नाव, कुठून कुठपर्यंत बंद, कोणत्या वाहनांना, केव्हापासून केव्हापर्यंत, एवढे तक्त्याच्या रूपात संकेतस्थळावर टाकले की गूगल, मॅपल्स, ओपनस्ट्रीटमॅप, सगळ्यांना ते उचलता येते. हे अशक्य नाही. २०२२ मध्येच गूगलने दिल्ली, हैदराबाद, चंडीगड, अहमदाबाद, कोलकाता, गुरुग्राम, बेंगळूरु आणि आग्रा या आठ शहरांत रस्ते बंद असल्याची माहिती वाहतूक पोलिसांच्या मदतीने दाखवायला सुरुवात केल्याचे जाहीर केले होते. पर्यटनाच्या नकाशावर आग्र्याच्या जोडीने ज्या जिल्ह्याचे नाव घेतले जाते, दोन जागतिक वारसास्थळे ज्याच्या हद्दीत आहेत, त्याचे नाव त्या यादीत नव्हते. फेब्रुवारी २०२१ पासून नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरची बहुतेक बंधने केंद्राने उठवली आहेत. त्यामुळे परवानगीची सबबही उरलेली नाही.

जिल्हाधिकारी कार्यालयात या कामासाठी एक माणूस नेमला तरी पुरे. महापालिका, बांधकाम विभाग, महामार्ग प्राधिकरण आणि वाहतूक पोलीस यांनी काढलेला प्रत्येक ‘रस्ता बंद’ आदेश त्याच दिवशी त्याच्याकडे गेला पाहिजे, आणि त्याने तो सायंकाळच्या आत तक्त्यात भरला पाहिजे. औट्रम घाटाची बंदी त्यात पहिली, अजिंठ्याचा टी पॉइंट वाहनतळ म्हणून दुसरा, आणि श्रावण लागण्याआधी कसाबखेडा फाट्याचा वळणमार्ग तिसरा असावा. आदेश काढणाऱ्या खात्याने तक्ता भरल्याची नोंद आदेशावरच करावी, म्हणजे पुढे काही घडले तर कुठे अडले ते शोधत बसावे लागणार नाही.